पाटाचे पाणी आणि गावचा डॉक्टर



विषयाच्या नावात 'डॉक्टर' हा शब्द पाहून आरोग्याचे चार नियम ऐकावयास मिळतील, अशा अपेक्षेने कोणी आले असतील तर त्यांची थोडी निराशा होईल. मी आपल्यापुढे मांडणार आहे तो इतिहास आहे, आणि तोही एकाच जिल्ह्याचा. प्रश्न साधा आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत देशात डॉक्टर वाढले, दवाखाने वाढले, वैद्यकीय महाविद्यालये वाढली. तरीही दुखणेकरी जिथे आहे तिथे डॉक्टर नाही, आणि डॉक्टर जिथे आहे तिथे त्याच गल्लीत आणखी चार डॉक्टरांच्या पाट्या लागलेल्या आहेत. असे का व्हावे? डॉक्टर मंडळी निर्दय झाली, सरकार झोपले, अशी उत्तरे आपण चहाच्या पेल्याबरोबर देऊन टाकतो. ती उत्तरे खरी असती तर प्रश्न कधीच सुटला असता. कारण निर्दयांना लाज आणता येते आणि झोपलेल्याला जागे करता येते. खरे कारण जमिनीत आहे, पाण्यात आहे आणि पैशाच्या चालीत आहे. ते पाहण्यासाठी अहमदनगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाही.

या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. मी इतिहास सांगत असल्यामुळे जुन्या काळाविषयी बोलताना जुनेच नाव माझ्या तोंडी येईल, ते आपण चालवून घ्यावे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर आणि धो धो पाऊस. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पावसाकडे डोळे लावून बसणारा मुलूख. एकाच जिल्ह्याच्या पोटात दोन प्रदेश आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ निसर्गाने अर्धीच ओढली. उरलेली अर्धी माणसाने ओढली.

ती कशी ओढली गेली ते पाहा. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. ती नगरवरून राहुरी, बेलापूर, कोपरगाव अशी उत्तरेकडे गेली. पुढे दारणा धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे झाले आणि १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाट वाहू लागले. पाटाबरोबर ऊस आला, उसाबरोबर कारखाने आले. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तो शेतकऱ्यांचा होता, म्हणून त्याचा नफा गावात राहिला. त्यातून शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली, पुढे रुग्णालय निघाले आणि १९८४ साली खुद्द लोणीत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांनी ते उभारले त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणावा असा माझा मुळीच हेतू नाही. मला फक्त क्रम दाखवावयाचा आहे: आधी धरण, मग पाट, मग ऊस, मग कारखाना, मग दवाखाना. डॉक्टर या रांगेत शेवटी उभा आहे.

आता दक्षिणेकडे वळा. नगरपासून पाऊणशे किलोमीटरांवर जामखेड. १९७० साली तिथे ना पाट, ना रेल्वे, ना कारखाना. बाजरी आणि ज्वारी पिकली तर पिकली. नाहीतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला किंवा खडी फोडायला जावयाचे. अशा मुलखात डॉक्टरने दवाखाना थाटला तर त्याला फी कोण देणार? डॉक्टर हाही प्रपंची माणूस आहे. त्याची फी रोख पैशातून येते आणि रोख पैसा नगदी पिकातून येतो. म्हणजे डॉक्टर पाटाच्या पाण्यामागून जातो, हे सूत्र आपण ध्यानात ठेवले तर पुढचा सारा इतिहास उलगडतो. आणि त्या सूत्रातली क्रूरता अशी की, जिथे पाणी नाही तिथेच अन्न कमी, तिथेच गढूळ पाणी पिण्याची पाळी, तिथेच आजार जास्त. गरज आणि डॉक्टर एकमेकांकडे पाठ करून चालतात.

ही गोष्ट आपल्याच दरिद्री देशात घडते असे मात्र समजू नये. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. कोणत्याही रुग्णाला डॉक्टरच्या दारात पैसे मोजावे लागू नयेत, असे तिचे तत्त्व होते. त्यापूर्वी तिथे डॉक्टर आपली 'प्रॅक्टिस' दुकानासारखी विकत असे. नवा डॉक्टर ती विकत घेई आणि साहजिकच श्रीमंत वस्तीतली प्रॅक्टिस महाग असे. नव्या कायद्याने ही विक्री बंद केली आणि एक समिती नेमली. त्या समितीचे काम मोठे शहाणपणाचे होते. तिने कोणत्याही डॉक्टरला 'अमक्या खाणकामगारांच्या गावी जा' असा हुकूम सोडला नाही. जिथे डॉक्टर पुरेसे झाले आहेत तिथे 'आता इथे जागा नाही' एवढेच सांगितले. भरलेल्या भांड्यात पाणी ओतणे थांबवले म्हणजे ते आपोआप दुसऱ्या भांड्याकडे वळते, हा त्यामागचा विचार. त्याचा काही उपयोग निश्चित झाला. तरीही १९७१ साली वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहून सांगितले की, चांगली वैद्यकीय मदत ही गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते, आणि बाजाराचा हात जिथे जास्त मोकळा तिथे हा उलटेपणा अधिक तीव्र होतो. इंग्लंडसारख्या छोट्या, श्रीमंत आणि मोफत आरोग्यसेवा असलेल्या देशात ही स्थिती, तर आमच्या जामखेडची काय कथा!

आपल्याकडे हा प्रश्न कोणी ओळखलाच नव्हता असे नाही. तो सोडविण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले, आणि त्यांतले बरेच या जिल्ह्याने पाहिले.

पहिला प्रयत्न सेवाभावाचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनी नगरमध्ये स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी रुग्णालय चालविले. नेवासे तालुक्यात वडाळ्यासारख्या आडगावी मिशनचा दवाखाना उभा राहिला. दुसरीकडे १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय काढले. तिथून बाहेर पडलेल्या वैद्यांपैकी अनेक जण अशा गावांत जाऊन बसले, जिथे एम.बी.बी.एस. डॉक्टरची सावलीही पडत नव्हती. या दोन्ही प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. पण सेवाभाव हा विहिरीच्या झऱ्यासारखा असतो. तो कुठे लागेल ते सांगता येत नाही आणि एक झरा सगळ्या तालुक्याला पुरत नाही.

दुसरा प्रयत्न दोन प्रतींच्या डॉक्टरांचा. ब्रिटिश अमदानीत पदवीधर डॉक्टरांखेरीज 'लायसेन्शिएट' म्हणून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा वर्ग होता. आपल्या मुंबई इलाख्यात एल.सी.पी.एस. ही अक्षरे पाटीवर असलेले डॉक्टर वडीलधाऱ्यांच्या चांगल्या आठवणीत असतील. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर बहुधा हाच. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा एकंदर ४७,५२४ नोंदलेले डॉक्टर होते. त्यांत पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. दर सहा हजार तीनशे माणसांमागे सुमारे एक डॉक्टर. १९७१ पर्यंत हे प्रमाण दोन हजारांमागे एक असे करावे, असे समितीने सुचविले. आणि तिने दुसरीही एक शिफारस केली: यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा असावा, पदवीधर असावा, आणि लायसेन्शिएटचे शिक्षण बंद व्हावे. याला समितीतल्याच काही सभासदांनी विरोध नोंदवला.

श्रोतेहो, हा वाद नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आजही मिटलेला नाही. बहुमताचे म्हणणे असे की, खेडुताला दुय्यम डॉक्टर का म्हणून द्यावा? त्याचा जीव का स्वस्त आहे? म्हणणे बिनतोड वाटते. विरोधकांचे म्हणणे असे की, उत्तम डॉक्टर तयार होईपर्यंत खेड्याला कोणीच मिळणार नाही. जो आहे तोही जाईल. समतेच्या नावाने घेतलेला निर्णय असमता वाढवू शकतो तो असा. बहुमताची शिफारस मान्य झाली. पुण्याची बी. जे. वैद्यकीय शाळा १९४६ साली महाविद्यालय झाली. डॉक्टर एका प्रतीचा झाला. पण पदवीसाठी मुलगा शहरात अधिक वर्षे राहिला, अधिक खर्च झाला आणि परतीची वाट विसरला.

तिसरा प्रयत्न सरकारी केंद्रांचा. १९५२ च्या गांधीजयंतीला समूहविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे गेली. देवीचे निर्मूलन, हिवतापाशी झुंज, लसीकरण ही या यंत्रणेची कामे विसरता येणार नाहीत. पण इमारत बांधली म्हणजे डॉक्टर राहतो असे नव्हे. त्याच्या पत्नीला नोकरी नाही, मुलांना शाळा नाही, राहत्या घराला पाणी नाही, हाताशी औषध नाही. मग तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड करतो, सकाळच्या एस.टी.ने येतो आणि दुपारच्या एस.टी.ने जातो. बाळंतिणीच्या कळा मात्र एस.टी.चे वेळापत्रक पाहून येत नाहीत.

यावर उपाय म्हणून सक्ती आली. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी, नाहीतर दहा लाख रुपये भरावेत, असा बंधपत्राचा नियम झाला. नियम वाईट नाही. जनतेच्या पैशाने शिकलेल्याने जनतेचे काही देणे फेडावे हे न्याय्यच आहे. पण ज्या कर्तव्याची किंमत रुपयांत ठरते ते कर्तव्य ज्याच्याजवळ रुपये आहेत तो विकत घेऊन टाकतो. आणि जो जातो तो एक वर्ष दिवस मोजत राहतो. बारा महिन्यांत गावची नाडी कशी कळावी?

आता मी चौथ्या प्रयत्नाकडे येतो, आणि यासाठीच मी हा जिल्हा निवडला.

रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या घरातले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. तिथेच त्यांच्याबरोबर शिकलेल्या डॉ. मेबल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९६२ ते १९६६ ही वर्षे दोघांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. तिथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. रुग्णालयात येणारे बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते, आणि बरा होऊन गेलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच आजाराने परत येत होता. पुढे दोघे अमेरिकेत शिकायला गेले, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९७० साली परत येऊन त्यांनी जामखेड गाठले. गावाने त्यांना जनावरांच्या दवाखान्याची रिकामी पडलेली इमारत दिली. तिथे 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू झाला. पहिले लक्ष्य होते तीस गावे आणि सुमारे चाळीस हजार वस्ती.

त्यांची पहिली योजना मात्र रूढच होती: गावोगाव प्रशिक्षित परिचारिका नेमायच्या. ती फसली. शिकलेली तरुण मुलगी एकटी परक्या गावात राहीना; आणि राहिली तरी गाव तिचे ऐकेना. तेव्हा गावकऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून एक विचार पुढे आला की, गावातलीच एखादी बाई का शिकवू नये? ती गाव सोडून जाणार नाही. तिची बदली होणार नाही. अशा रीतीने गावाने निवडलेल्या बाया जामखेडला शिकायला येऊ लागल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या गरोदर बाईची तपासणी शिकल्या, स्वच्छ बाळंतपण शिकल्या, मुलाचे वजन करून ते सुकते आहे की भरते आहे हे ओळखायला शिकल्या, जुलाबात मीठसाखरेचे पाणी द्यायला शिकल्या, कुष्ठरोगाचा चट्टा आणि क्षयाचा खोकला हेरायला शिकल्या. शिकणे एकदाच होऊन संपले नाही. त्या वारंवार जामखेडला येत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि परत जात.

याच वेळी १९७२ चा दुष्काळ पडला. गावाला पहिली गरज पाण्याची होती. विंधनविहिरी घेण्याचे ठरले तेव्हा, त्या दलित वस्तीत किंवा तिच्या जवळ घ्याव्या असा आग्रह डॉक्टर दांपत्याने धरला. ज्यांना सार्वजनिक विहिरीला हात लावू देत नसत त्यांच्या दारी पाणी लागले आणि साऱ्या गावाला तिथे घागर घेऊन जावे लागले. शेतकऱ्यांची मंडळे झाली, महिला मंडळे झाली. डॉक्टरने विहिरीत आणि जातीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जामखेडचा आजार तिथेच होता.

परिणाम काय झाला? १९७१ साली या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. पंधरा वर्षांत हा आकडा पन्नासच्या खाली आला. जगाने याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत सर्वांसाठी प्राथमिक आरोग्य हा जो विचार मांडला गेला, त्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा आधार होता त्यांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ साली आणि रजनीकांत आरोळे २०११ साली वारले. पण प्रकल्प त्यांच्यामागे चालू राहिला.

हे यश सांगताना मला दोन गोष्टी बजावून सांगावयाच्या आहेत, नाहीतर त्यातून चुकीचा धडा घेतला जाईल, आणि घेतला गेलाही आहे.

पहिली गोष्ट. गावच्या बाईने डॉक्टरची जागा घेतली, हे खरे नाही. आडवे आलेले मूल तिला काढता येत नाही, फुटलेले अपेंडिक्स कापून काढता येत नाही. तिच्या पाठीशी जामखेडचे रुग्णालय होते, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, आणि मुख्य म्हणजे तिने पाठविलेल्या रुग्णाला तिच्या शब्दाचा मान राखून घेतले जात होते. दहांतले बरेचसे काम तिने गावातच उरकले म्हणून उरलेल्या अवघड कामाला डॉक्टर मोकळा राहिला. ज्ञान वाटले गेले. डॉक्टर रद्द झाला नाही.

दुसरी गोष्ट. हेच काम सरकारने देशभर करू म्हटले तेव्हा सांगाडा उचलला आणि जीव मागे राहिला. १९७७ च्या गांधीजयंतीला गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची योजना निघाली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना पन्नास रुपये मानधन. निवड बहुतेक ठिकाणी पुरुषांची झाली, आणि पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्याच्या मर्जीतल्या पुरुषांची. मागे रुग्णालयाचा आधार नाही, पुढे शिक्षण नाही. काही वर्षांत योजना ओसरली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि दर हजार वस्तीमागे एक 'आशा' नेमली गेली. या वेळी बाईच निवडली, हा जुना धडा घेतला गेला. पण त्याच बाईकडे सर्वेक्षणे, नोंदी आणि कागद इतके आले की तिच्या मानधनाचा आणि मानाचा प्रश्न मोर्च्यांतून रस्त्यावर आला. जिच्या खांद्यावर आपण खेड्याचे आरोग्य ठेवतो तिला कामगारही म्हणावयाचे नाही, हा आपला हिशेब आहे.

जामखेडच्या एका ग्रामआरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत देशोदेशीच्या तज्ज्ञांपुढे भाषण केले. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून ती अशा आशयाचे बोलली की, डॉक्टर त्या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि दूर. आमच्यासारख्या बाया हातातल्या दिव्यासारख्या, एका दिव्याने दुसरा लावता येतो. दाखला मोठा समर्पक आहे. मी त्याला एवढीच पुस्ती जोडीन की, दिवा पुरे झाला असे म्हणून झुंबराचा उजेड शहरातच ठेवण्याची सबब आपण त्यातून काढू नये.

६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक जामखेड तालुक्यातल्या चौंडी या अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी भरली आणि जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण आजवरचा इतिहास सांगतो तो असा की, महाविद्यालय निघाल्याने डॉक्टरांची संख्या वाढते. त्यांची वाटणी बदलत नाही. वाटणी बदलावयाची तर विचार आधीपासून करावा लागेल. जामखेड, पाथर्डी, अकोले इथल्या शाळांतून शिकलेली मुले तिथे प्रवेश घेतील का? त्यांचे शिक्षण शहराच्या रुग्णालयाबरोबर तालुक्याच्या रुग्णालयातही होईल का? तिथे जाणाऱ्या डॉक्टरला राहायला घर, मुलांना शाळा, हाताशी भूल देणारा सोबती आणि गावात शिकलेली सेविका मिळेल का? आणि भरलेल्या शहराला 'आता इथे जागा नाही' असे सांगण्याचे धैर्य कोणी दाखवील का?

शेवटचा प्रश्न सरकारला नाही, आपल्याला आहे. आपण सारे शहरात राहणारे आहोत. रात्री छातीत कळ आली तर पंधरा मिनिटांत डॉक्टर गाठू, या भरवशावर आपण झोपतो. तो भरवसा आपल्या एकट्याच्या पैशाने विकत घेतलेला नाही. डॉक्टरच्या शिक्षणावर साऱ्या राज्याने खर्च केला आहे आणि त्यात जामखेडच्या बाजरीवाल्यानेही काडेपेटीवरचा कर भरून आपला वाटा घातला आहे. धरणाचे पाणी वाटताना टेल म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आपला हक्क सांगतो, आणि वरच्याने पाणी अडवले तर त्याला आपण अन्याय म्हणतो. डॉक्टरच्या बाबतीत वरच्या अंगाचे शेतकरी आपणच आहोत. टेलपर्यंत पाणी पोचावे असे वाटत असेल, तर वरचे दार थोडे खाली करण्यास आपण तयार असले पाहिजे.